बर्फाच्या चित्राचा डबा

साताऱ्याहून रोह्याला निघाले तेव्हा माझी धाकटी बहीण म्हणाली, "डिसेंबरात लोक महाबळेश्वरला जातात आणि तू रोह्याला चाललीस? तिथे काय आहे बघायला?"

"माझे विद्यार्थी आहेत," मी म्हटलं.

"रोह्यात?"

"मूळचे पोलंडचे."

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझी मान त्या क्षणी जरा जास्तच ताठ झाली असेल, तर झाली असेल. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर आणि निवृत्तीनंतर भिंतींशी बोलायची वेळ आल्यावर माणसाला एवढा तोरा मिरवायचा हक्क असतो. भाचीने मला लॅपटॉपसमोर बसवलं, 'आजपासून ऑनलाइन शिकव' म्हणाली, आणि तिथे हे जोडपं भेटलं. टोमेक आणि माग्दा. टोमेकला त्याच्या कंपनीने दोन वर्षांसाठी रोह्याजवळच्या कारखान्यात पाठवायचं ठरवलं होतं. बाकीचे अशा वेळी इंग्रजीवर भागवून नेतात. या दोघांनी स्वेटरवर स्वेटर चढवून, लाल नाकांनी, वर्षभर आठवड्यातून तीन दिवस मराठी गिरवली. 'ळ' जमेना म्हणून माग्दा एकदा चक्क रडली होती. महिन्याभराने तिने 'काळी कसदार माती' असं ठणठणीत म्हणून दाखवलं, तेव्हा मी कॅमेरा बंद करून डोळे पुसले.

जूनमध्ये ते इथे आले. यंदाचा नाताळ त्यांचा मायदेशाबाहेरचा पहिलाच. "बाई, तुम्ही आलंच पाहिजे," असा फोन आला आणि मी बॅग भरली.

निडी

रोह्याच्या अलीकडचं स्टेशन निडी. तिथून दहा मिनिटांवर, गावाच्या कडेला, कंपनीने त्यांना बंगला घेऊन दिलाय. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला भात कापून झालेली शेतं आणि त्या शेतांत गुडघ्याएवढा उभा वाल. आमच्याकडे डिसेंबरात ऊस, ज्वारी, हरभरा. इथे भात निघाला की त्याच ओलीवर वाल टाकतात, पाणी द्यायची भानगड नाही. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

बंगल्याला लोखंडी फाटक, फाटकाला बेल, मग जाड दार, त्यालाही बेल. आत एसी घुमत होता. दार उघडल्याबरोबर टोमेक खाली वाकून माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "या बाई. आधी हातपाय धुवा. मग चहा घेऊ." अहाहा! शाळेत माझ्या हाताखालून गेलेली पोरं आता रस्त्यात दिसली तर 'हाय मॅम' म्हणतात.

माग्दा मात्र वाळली होती. हसली, गळ्यात पडली, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. जेवताना मी सरळच विचारलं, "काय झालंय?"

तिने टोमेककडे पाहिलं. मग म्हणाली, "बाई, मी जानेवारीत परत जाणार आहे. तिकीट काढलं आहे. टोमेक राहील, त्याचा करार आहे. मी नाही."

"का पण?"

"इथे सगळे माझ्याकडे बघून हसतात. चांगलं हसतात. पण सहा महिने झाले, या घरात एकही माणूस आलं नाही. गॅसवाला आला. तो पण दारातून गेला." मग तिने मला त्यांच्याकडची रीत सांगितली. चोवीस तारखेच्या संध्याकाळी आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं. त्या दिवशी मांस नाही, मासा चालतो. टेबलावर कापडाखाली गवत पसरायचं. आणि घरात जितकी माणसं असतील त्यापेक्षा एक ताट जास्त मांडायचं, न बोलावता येणाऱ्या पाहुण्यासाठी. "माझ्या आजीच्या घरी दोनदा खरंच कोणी आलं होतं," ती म्हणाली. "इथे मी ते ताट मांडेन. ते रिकामं राहील. ते बघून मी जाईन."

टोमेक ताटातल्या भाताची गोळी करत बसला होता. त्याला हाताने जेवायला मीच कॅमेऱ्यातून शिकवलेलं. मला त्याची दया आली.

"आणि डबा," माग्दा म्हणाली.

या डब्याचं असं झालं होतं. दिवाळीत गावभर पणत्या लागलेल्या बघून हिने मध, दालचिनी, लवंगा घालून त्यांच्याकडचा केक केला. आजीचा पत्र्याचा डबा होता, वर बर्फात बुडालेल्या घरांचं चित्र. तो डबा भरून ती कुंपणापलीकडच्या शेतकरीणबाईंना, मंदाताईंना, देऊन आली. बाईंनी दोन्ही हातांनी घेतला. त्यानंतर दोन महिने ना डबा परत आला, ना बाई. उलट आता माग्दा दिसली की मंदाताई मान खाली घालून घरात जातात.

"केक आवडला नसेल," माग्दा म्हणाली. "पण आजीचा डबा आहे, बाई."

माझा पारा चढला. आमच्या साताऱ्यात शेजारचं भांडं फार तर दोन दिवस राहतं. रिकामं देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात, पण देतात. दोन महिने? परक्या पोरीचा डबा गिळून बसतात म्हणजे काय! "बघते मी," मी म्हटलं.

पेण

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं गाडीने पेणला गेलो. त्यांच्या रीतीप्रमाणे त्या संध्याकाळी बारा पदार्थ करायचे होते, त्यात मासा हवा. त्यांच्याकडे तळ्यातला गोड्या पाण्यातला मासा असतो. टोमेकला कंपनीतल्या कोणीतरी सांगितलं होतं, पेणला जाऊन जिताडा घ्या.

मला माशातलं ओ की ठो कळत नाही. आम्ही मटणाची माणसं. मी आपली नाकाला पदर लावून मागे उभी. माग्दा पुढे झाली, कोळणीसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "ताई, जिताडा आजचा आहे का? कल्ले उघडून दाखवा बरं."

कोळीणबाईंनी हातातला कोयता खाली ठेवला. "आगो बाय! ही कोन? मराठी बोलतेय!" आजूबाजूच्या चार जणी गोळा झाल्या. "कुनी शिकवलं गो तुला?"

माग्दाने माझ्याकडे बोट केलं. मी नाकावरचा पदर काढला. अशा वेळी वास येत नाही माणसाला.

"घाटावरच्या दिसतायत बाई," एक म्हणाली. "बघा, शिकवली कशी, पन स्वतः मासा बघून लांब पलतायत!" सगळ्या खदखदून हसल्या, माग्दाही हसली, आणि मी पण. जिताडा तिने स्वतः निवडला.

पेणला जाऊन गणपतीचे कारखाने बघायचे नाहीत असं कसं चालेल? भाद्रपद संपून तीनच महिने झालेले, तरी पुढच्या वर्षाच्या मूर्ती साच्यातून निघून रांगेत वाळत होत्या. न रंगवलेल्या, पांढऱ्या. टोमेक हात मागे बांधून रांगेतून सावकाश फिरला. "इथे यांचा सण कधी संपतच नाही," तो म्हणाला. एका कारागिराने मान वर न करता त्याला उत्तर दिलं, "साहेब, आमचा सन म्हंजे आमची शिफ्ट." टोमेकला ते इतकं आवडलं की परतीच्या वाटेवर तो ते दहा वेळा म्हणाला.

खाडीकडच्या मिठागरांकडे जायचा हट्ट माझा होता. मीठ पिकताना कधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही पाहिलं नाही, कारण हंगाम सुरू व्हायचा होता. माणसं आणि बाया ओळीने उभं राहून आगराचा तळ पायांनी तुडवत होती. तळ दगडासारखा घट्ट झाला की मग खाडीचं पाणी आत घ्यायचं. बांधावरून जाताना माग्दाचा पाय घसरला आणि ती गुडघ्याच्या वरपर्यंत काळ्या चिखलात रुतली. टोमेकने एक हात ओढला, आगरातल्या दोन माणसांनी दुसरा. वर आली तेव्हा एका पायात चप्पल नव्हती.

बांधाला लागून एक घर होतं. दारात एक म्हातारी बाई तांदूळ निवडत होती. तिने काही विचारलं नाही. सूप बाजूला ठेवलं, तांब्या भरून आणला, माग्दाला पायरीवर उभं केलं आणि तिच्या पायांवर पाणी ओतलं. माग्दा संकोचाने "नको, नको, घर घाण होईल," म्हणत राहिली. "घर धुवायला येतंय गो," म्हातारी म्हणाली. "आत ये. बस." कोरा चहा दिला, आणि निघताना नातीची जुनी चप्पल.

गाडीत माग्दा त्या चपलेकडे बघत बसली होती. "बाई, त्यांचं दार उघडंच होतं," ती म्हणाली.

"गावात दिवसा दार कोण लावतं?" मी बोलून गेले.  वाटेत कासू गेलं, नागोठणे गेलं. दीडशे धडे शिकवले मी त्यांना. विभक्ती, समास, पत्रलेखन. 'पाहुण्यांकडे जाताना आधी कळवावे' हेसुद्धा शिकवलं. दार उघडं ठेवा हे शिकवायचं मला सुचलं नाही, कारण ते शिकवायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

कुंपणापलीकडे

चोवीस तारखेला सकाळी आंघोळ करून मी तावातावाने मंदाताईंच्या घरी गेले. माग्दाला सांगितलं, जरा फिरून येते.

मंदाताई अंगणात वालाच्या शेंगा निवडत होत्या. पन्नाशीच्या, काटक. बाजूला एक काळं मडकं आणि हिरव्या पाल्याचा भारा.

"मी माग्दाची बाई. तिला मराठी शिकवते," मी उभ्या उभ्याच म्हटलं. "तिचा डबा तुमच्याकडे आहे. दोन महिने झाले. आजीचा आहे तो तिच्या."

त्यांचा चेहरा पडला. त्या आत गेल्या आणि नव्या कोऱ्या पंचात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. सोडलं. डबा लखलखीत पुसलेला होता. "देवाच्या फलीवर ठेवला हाय. बघा, पोचा पन नाय पडला."

"मग परत का नाही दिलात?"

"रिकामा कसा देऊ?"

"अहो, चिमूटभर साखर घालायची! आमच्याकडे तर..."

"साखर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच चौथीतली पोर झाले. "बाई, माझी सासू भादव्यात गेली. औंदा आमच्या घरात दिवाली नाय, फराल नाय. अशा घरात शेजाऱ्यांनी फराल आनून द्यायचा असतो, व्हय ना? तुमच्याकडं पन असंल. तर पयला डबा कोनाचा आला? हिचा. आमच्या भाऊबंदांच्या आधी हिचा. तिला कोनी सांगितलं नवतं, तरी आली. आमचा मानूस तो केक खाताना रडला. आनि त्या डब्यात मी दुकानातली साखर घालून देऊ?"

मी पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली.

"शेतातलं पयलं पीक घालून द्यायचं ठरवलं. वाल आत्ता कुठं भरले. तवर तोंड कसं दाखवू तिला? म्हनून आत जायचे मी." पदराने नाक पुसत त्या म्हणाल्या, "आनि दोनदा गेले होते गो मी, फाटकापर्यंत. बेल हाय, दार बंद. शेतातनं आलेले पाय. साहेबाचं घर. परत आले."

मी खाली त्यांच्याशेजारी मातीत बसले. साडी नवी होती, जाऊ दे. "मंदाताई, मी भांडायला आले होते," मी म्हटलं.

"ते कललं. घाटावरची मानसं सरल येतात अंगावर." त्या हसल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आज त्यांच्याकडे पोपटी लावायची होती. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावायचा, त्यात मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, रताळी भरायची, तोंड पाल्यानेच गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती काटक्या-पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही. कोंबडीही घालतात. मी अहोजाहो सोडून म्हटलं, "आज कोंबडी नको घालू. तिचा आज मांस न खाण्याचा दिवस आहे. आणि चांदणी दिसली की ये तिच्याकडे."

"बघू."

"बघू नाही."

"बघू गो. दार बंद असतं त्यांचं."

"आज उघडं असेल," मी म्हटलं आणि तिच्याकडूनच पेंढ्याची एक पेंढी मागून घेतली, टेबलाच्या कापडाखाली घालायला.

माग्दाला यातलं अक्षर सांगितलं नाही. एक तर त्यांचं ते ताट न बोलावलेल्या पाहुण्याचं. बोलावलं मी होतं, तिने नाही, एवढी पळवाट मी काढली. दुसरं, मंदा आलीच नाही तर पोरीचा जीव दोनदा तुटला असता.

चांदणी

दिवसभर स्वयंपाक. बिटाचं आंबट सार, वाटाणा घातलेली कोबी, जिताडा तळून, खसखशीचं गोड काहीतरी. नऊ पदार्थ त्यांचे झाले. दहावा पेणचा पापड, अकरावी माझी शेंगदाण्याची चटणी. बारावा सुचेना. "सुचेल," मी म्हटलं. उन्हं उतरल्यावर मी उठले, एसी बंद केला, जाड दार सताड उघडलं आणि जाऊन फाटकही उघडलं.

"बाई, डास येतील!" टोमेक धावत आला.

"येऊ देत. ज्याच्यासाठी ताट मांडलंय त्याने यायचं कुठून, खिडकीतून?"

माग्दा हातात ताट घेऊन उभी होती. तिने उघड्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ते ताट दाराकडे तोंड करून मांडलं. टोमेकने डासांसाठी धूप लावला. मग तिघंही पायरीवर बसून आकाशाकडे बघायला लागलो. मला मेलीला चांदणी दिसू नये असंच वाटत होतं. टोमेकलाच आधी दिसली, डोंगराच्या वर.

"चला," माग्दा म्हणाली. 

आम्ही टेबलाशी उभे राहिलो. तिच्या आईने पोस्टाने पाठवलेली पातळ पांढरी पापडी असते, ती एकमेकांच्या हातची तोडून खायची आणि शुभेच्छा द्यायच्या. माग्दाने ती हातात घेतली आणि तेवढ्यात फाटकाशी पावलं वाजली.

मंदा दारात येऊन थांबली. धुराचा वास, कपाळावर काजळी, हातात पंचात गुंडाळलेला डबा. "आत कशी येऊ?" ती म्हणाली. "पाय मातीचे हायत."

माग्दा हलली नाही. मग एकदम स्वयंपाकघरात पळाली. मला वाटलं रडायला गेली. ती तांब्या घेऊन आली. मंदाला हाताला धरून पायरीवर उभं केलं आणि तिच्या पायांवर पाणी ओतलं, पेणच्या म्हातारीने ओतलं होतं तसंच, अंगठ्यापासून घोट्यापर्यंत. "घर धुवायला येतं," ती म्हणाली. "आत या. बसा."

माझी विद्यार्थिनी! हा धडा मी शिकवला नव्हता. तीस वर्षांत माझा एवढा ऊर कधी भरून आला नव्हता, बोर्डात पोरगी पहिली आली होती तेव्हासुद्धा नाही.

मंदा त्या जास्तीच्या ताटावर बसली. डबा उघडला तर वाफ आली, वालाच्या शेंगा, ओव्याचा वास. बारावा पदार्थ. माग्दाने डब्यावरच्या बर्फाच्या घरांवर हात फिरवला आणि रडायला लागली ती थांबेचना.

"रडतेस कशाला गो?" मंदा घाबरली. "चांगला हाय डबा, बघ तरी!"

मग मी सगळं सांगितलं. सासूचं, दिवाळीचं, देवाच्या फळीचं, दोनदा फाटकापर्यंत येऊन परत गेल्याचं. टोमेक दोन्ही हातांत डोकं धरून ऐकत होता. माग्दाने ती पांढरी पापडी मंदापुढे धरली. मंदाने तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि खुशाल म्हणाली, "आलनी हाय. मीठ पायजे." टोमेक इतका हसला की त्याला ठसका लागला.

निघताना मंदा म्हणाली, "डबा ठेव आता नीट. आजीचा हाय तुझ्या."

"थांबा," माग्दा म्हणाली. डबा धुतला, पुसला आणि त्यात खसखशीचं ते गोड काहीतरी भरून मंदाच्या हातात परत ठेवला.

मंदाने मान हलवली. "आगो, मंग परत मला भरून द्यायला लागंल! वाल तर दिले. आता थेट आंबे."

"आंबे कधी येतात?"

"मे महिन्यात. थांबशील तवर?"

टोमेकने माझ्याकडे पाहिलं, मी टोमेककडे. जानेवारीतलं तिकीट फ्रिजवर चुंबकाने लावलेलं होतं, तिथून दिसत होतं.

माग्दाने दाराला हात लावला, ते बंद करायला नव्हे, भिंतीपर्यंत नीट मागे सारायला.

"थांबते," ती म्हणाली. "डबा तुमच्याकडे आहे."